चीनमधल्या लीलाचं लग्न

प्राचीन चीनमध्ये सात-बारा नव्हता, हे रंगनाथकाकांना पटवून देण्यात माझा २००९ सालचा अख्खा उन्हाळा गेला. त्यांना ते पटलं नाहीच. शेवटी चीनला सात-बारा द्यावा लागला.

सुरुवात आमच्या आईच्या पायापासून झाली. आई जिन्यावरून पडली. पायरी ओली होती, असं ती सांगते. खरी गोष्ट अशी की समोरच्या बिल्डिंगमध्ये नवा फ्रिज चढवत होते आणि तो कुणाकडे जातोय हे तिला जिन्याच्या जाळीतून पाहायचं होतं. फ्रिज तिसऱ्या मजल्यावर सुखरूप पोचला. आई दुसऱ्यावरून पहिल्यावर आली. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आईचा मुक्काम हॉलमधल्या दिवाणावर पडला.

त्यात संध्याकाळी लोडशेडिंग. नेमकं सिरियलच्या वेळेला लाईट जायची आणि सिरियल संपली की परत यायची. आईचं म्हणणं होतं की हे कुणीतरी मुद्दाम घड्याळ लावून करतंय. वडील अंबडच्या एमआयडीसीत, सेकंड शिफ्टला. घरात अंधार, दिवाणावर आई, आणि आईच्या तावडीत मी.

मी तेव्हा 'करत' होतो. म्हणजे 'मुलगा काय करतो?' असं कुणी विचारलं की आई 'एमपीएससी करतो' म्हणायची. बी.कॉम. झालेला मुलगा दिवसभर घरात असण्याला त्या काळी तेवढं एकच अधिकृत नाव होतं. त्या करण्याचा भाग म्हणून मी द्वारका चौकातल्या एका सायबर कॅफेत जाहिरात आली का ते बघायला जायचो. जाहिरात आलेली नसायची. हे कळायला एक मिनिट लागायचं आणि तास तर पूर्ण भरायचा असायचा. अशाच एका उरलेल्या तासात मला एका चिनी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर सापडलं. कुणी एक हौशी बाई एकेक प्रकरण नेटवर टाकत होत्या.

या कादंबऱ्यांची एक पद्धत असते. आजच्या काळातली, शांघायसारख्या शहरात नोकरी करणारी एक मुलगी पहिल्याच पानावर मरते, बहुतेक वेळा रस्ता ओलांडताना, कारण लेखकाला घाई असते. डोळे उघडते तर काय, हजार वर्षांपूर्वीचं एक खेडेगाव, आणि ही दुसऱ्याच एका मुलीच्या अंगात. मूळ मुलगी तापाने गेलेली. झोपडी गळकी, मडक्यात तांदूळ नाही, चुलती खाष्ट. मला वाटलं, आता ही तलवार उचलणार. तिने मुळे खारवले. पुढच्या प्रकरणात ते बाजारात विकले. त्याच्या पुढच्या प्रकरणात कोंबडी घेतली. अधूनमधून एक तरुण कुंपणापलीकडून जातो आणि दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. याला प्रेम म्हणायचं. मी इतका गुंतलो की कोंबडीने पहिलं अंडं दिलं तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवर रेल्वेचं रिझर्वेशन बघणाऱ्या गृहस्थांना मी ते आपणहून सांगितलं. त्यांना आनंद झाला नाही. ते वेटिंगवर होते.

तर एका अंधाऱ्या संध्याकाळी आई म्हणाली, "काहीतरी बोल रे. नुसता डास मारत बसू नको." मी ही गोष्ट सांगायला घेतली. नायिकेचं नाव लिन शुएलान. आईने पहिल्याच वाक्याला तिची लीला केली आणि मला पुढे जायला सांगितलं. मुलगी मेली, चीनमध्ये जागी झाली, इथपर्यंत आलो तर आई म्हणाली, "आणि हिच्या शांघायच्या आईला कुणी कळवलं का?"

"कसं कळवणार? हजार वर्षं मागे गेलीये ती."

"म्हणजे तिची आई बसली असेल वाट बघत."

हा मुद्दा कादंबरीत नव्हता. कादंबरीत सरळ मुळे होते. पण आई एवढी गप्प झाली की मी घाईघाईने शांघायच्या आईला एक स्वप्न पाडलं. स्वप्नात लीला म्हणते, मी बरी आहे, काळजी करू नको, कोंबडी घेतलीये. आईने सुस्कारा सोडला. मूळ कादंबरीत केलेली ही माझी पहिली भेसळ. दुधात पाणी घालणाऱ्याचाही कधीतरी असाच पहिला दिवस असणार.

आजाऱ्याला बघायला येणं हा आमच्या बिल्डिंगचा आवडता खेळ. समोरच्या ब्लॉकमधले रंगनाथकाका गायधनी आणि उज्वलाकाकू बघायला आले ते गोष्टीला बसले. तळमजल्यावरच्या बयाआजी काठी टेकत आल्या, त्याही बसल्या. दुसऱ्या दिवशी कुणालाही आईचा पाय आठवेना. सगळे लाईट जायच्या आधीच जागा धरून तयार.

रंगनाथकाका तलाठी म्हणून लागले आणि सर्कल ऑफिसर म्हणून रिटायर झाले. म्हणजे खात्याने त्यांना रिटायर केलं, त्यांनी खात्याला केलेलं नव्हतं. लीलाने परसात मुळे लावले, एवढं मी म्हटलं मात्र.

"जमीन कुणाच्या नावावर?"

"तिच्या वडिलांच्या असेल, काका."

"वडील?"

"वारले."

"वारसनोंद झाली का?"

"काका, हजार वर्षांपूर्वीचा चीन आहे."

"म्हणजे नाही झाली." काका खुर्चीत पुढे सरकले. "आणि मूळ मुलगी मयत. मयताच्या जागी भलतीच व्यक्ती उभी राहून मिळकत खातेय. याला आमच्या खात्यात काय म्हणतात माहीत आहे?"

"काय?"

"तोतया."

आपली लीला तोतया असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला चीनला नेऊन सोडलं होतं. मी चाचरत म्हणालो की शरीर तेच आहे, फक्त आत्मा दुसरा आहे. काकांनी बराच विचार केला.

"अंगठा तोच ना?"

"हो."

"मग हरकत नाही. खात्याला अंगठा लागतो. आत्म्याचा रकाना नाही."

अशा रीतीने लीला कायदेशीर झाली. पण तिथे थांबतील ते काका कसले. चुलतीने बांध कोरलाय असं मी सहज बोलून गेलो, तर काकांनी मोजणीचा अर्ज करायला लावला. मोजणीदार येईपर्यंत गोष्ट पुढे न्यायची नाही. दोन संध्याकाळी मोजणीदार आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून त्याला आणला, तर काका म्हणाले, "इतक्या लवकर? कुणी विश्वास ठेवणार नाही. त्याला इलेक्शन ड्युटी लागली म्हण." सम्राटाच्या राज्यात मी इलेक्शन घेतलं. उज्वलाकाकू शेवटी कडाडल्या, "रिटायर झालात तरी लोकांना ताटकळत ठेवायची सवय जात नाही तुमची!" तेव्हा कुठे शेत मोजलं गेलं. बांध लीलाच्या बाजूने लागला. बयाआजींनी टाळ्या वाजवल्या.

काकूंना जमिनीत रस नव्हता, त्यांना आत्म्यात होता. "ती जी मूळची पोरगी तापाने गेली, तिचं कुणी काही केलं का? म्हणून तर छप्पर गळतंय. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला हवा." मी म्हटलं, चीनमधून त्र्यंबक लांब पडेल. "मग तिकडे असेल की एखादं," काकू म्हणाल्या. मग गावाच्या पश्चिमेला एक डोंगर उगवला, डोंगरात नदी उगम पावली, उगमाशी देऊळ झालं, देवळाशी गुरुजी आले, आणि गुरुजींच्या ओळखीचं लॉज आलं. लीला विधी करून परतली. छप्पर गळायचं थांबलं. कादंबरीतही ते पुढच्या प्रकरणात थांबणारच होतं, लीलाने गवत घातल्यामुळे. पण श्रेय काकूंनी घेतलं.

बयाआजी रोज एकच विचारायच्या. "आज ती जेवली का?" बाकी कथानकाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एकदा मी वेळ वाचवायला लीलाच्या जेवणाचा उल्लेख गाळला, तर आजी रात्रभर झोपल्या नाहीत अशी तक्रार दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने आणली.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग एके दिवशी कॅफेत जाऊन पाहतो तर नवं प्रकरण नाही. त्या जागी भाषांतरकार बाईंचा निरोप: माझी परीक्षा जवळ आली आहे, भाषांतर बंद करते, क्षमा असावी. या सगळ्या प्रकरणात परीक्षेचा अभ्यास करणारी एवढी एकच व्यक्ती निघाली, आणि तिनेच माझा घात केला. संध्याकाळी हॉल भरलेला. मी घसा साफ केला आणि मनाने सांगायला लागलो. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

एका व्यक्तीच्या आलं. काकांची मुलगी तृप्ती द्वारकेलाच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास सुटला की गोष्टीच्या शेवटच्या भागाला येऊन दाराशी उभी राहायची. तृप्ती मला आवडायची. हे आईला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, बयाआजींना माहीत होतं, खुद्द तृप्तीला माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं, कारण त्यांच्याकडे तसा लेखी अर्ज आलेला नव्हता. तिने मला जिन्यात गाठलं.

"धनराज, कोंबडी रुसते त्याच्या पुढचं नेटवर काही नाहीये."

"कुठलं नेट?"

"मी पण तेच वाचते. क्लासमध्ये, पोरं टायपिंग करत असताना. इलेक्शन कुठल्या प्रकरणात आहे रे?"

मी कठड्याकडे बघितलं.

"सांगू वर जाऊन?"

"नको. काकू रडतील."

"मग एक कर. त्या मास्तरला जरा बोलायला लाव. इतकी प्रकरणं झाली, तो नुसता कुंपणापलीकडून जातोय." ती दोन पायऱ्या चढली आणि वळली. "पिंपळगावचं स्थळ आलंय मला. द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे, बोलेरो आहे. बाबांना पसंत आहे."

"आणि तुला?"

"मी लीलाबद्दल बोलतेय," असं म्हणून ती गेली.

आता हा मास्तर कोण ते सांगायला हवं. कुंपणापलीकडून जाणारा तरुण हा गरीब विद्वान. तिकडे राजदरबारी नोकरीसाठी परीक्षा असायच्या आणि तरुण पोरं घरच्या भातावर वर्षानुवर्षं त्यांची तयारी करायची. म्हणजे मास्तर चीनची एमपीएससी करत होता. त्याच्याबद्दल मला जे वाटायचं त्याला निव्वळ साहित्यप्रेम म्हणता येणार नाही. आणि लीलाला मागणी घालणारा दुसरा होता पलीकडच्या गावचा तेलाचा घाणा चालवणारा. स्वभावाने बरा, अंगाने भरलेला. घाणा स्वतःचा.

"घाणेवाला," काका त्याच संध्याकाळी म्हणाले. "यात विचार करण्यासारखं काय आहे? स्वतःचा धंदा. तेलाला मरण नाही."

"मास्तर हुशार आहे, काका."

"करतो काय पण?"

"परीक्षा देतो."

"परीक्षा देतो म्हणजे काय करतो?"

प्रश्न चीनच्या दिशेने विचारलेला होता, लागला मला. माझ्या आयुष्यात इतका दुरून नेम धरून मला कुणी मारलेलं नाही. मी म्हटलं, निकाल लागला की मोठा अधिकारी होईल. काका म्हणाले, "निकाल लागलेले लोक मी पाहिलेत. न लागलेले त्याहून जास्त पाहिलेत. ते सात-बारा काढायला येतात, आणि पेन आमचं मागतात."

मानभंग झालेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी घाणेवाल्याला विहिरीत पाडलं. काठावरून वाकून बघत होता, पाय घसरला, वगैरे. हॉलमध्ये हाहाकार. काकू पदराने डोळे पुसायला लागल्या. काका म्हणाले, "घाणा चालवणाऱ्या माणसाला विहीर दिसत नाही? हे पटणारं नाही. बाहेर काढ." मी निमूटपणे त्याला बाहेर काढला. तो थंडीने कुडकुडतो आहे म्हटल्यावर सगळ्यांना त्याचा इतका पुळका आला की लीलाने त्याला आल्याचा काढा नेऊन द्यावा, असा ठराव झाला. "तो जेवला का?" बयाआजींनी विचारलं. लीलाखेरीज दुसऱ्या कुणाच्या जेवणाची त्यांनी पहिल्यांदाच चौकशी केली होती. माझा मास्तर, अकरा प्रकरणं उपाशी अभ्यास करणारा, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

अशात देवळ्याहून खंडेरावमामा आले. आईचे थोरले भाऊ, कांद्यातले जाणकार, सोबत बहिणीच्या पायासाठी कांद्याची गोणी. कांद्याने हाड कसं सांधतं हे आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी तेही चीनमध्ये आले.

"भात कशाला लावती ती?" मामा म्हणाले. "पाणी खातंय नुसतं. कांदा लाव म्हणा."

"मामा, तिकडे तेव्हा आपला कांदा नव्हता."

"मंग लय भारी! एकटीचाच माल. भाव काय मिळंल!"

लीलाने कांदा लावला. माल साठवायला कांद्याची चाळ बांधली, चाळीला हवा खेळती ठेवली, मामांनी जातीने लक्ष घातलं. माल निघाला आणि लगेच भाव पडले, कारण मामांनी चिडून सांगितलं की पडल्याशिवाय राहतच नाहीत, तू खोटं नको सांगू. चीनमध्ये कांदा पिकवणारी एकटी लीला, तरी आवक जास्त झाली. सगळ्या हॉलने तिच्यासाठी हळहळ केली. ती संध्याकाळ फार छान गेली.

पण तृप्तीचं पिंपळगाव पुढे सरकत होतं. मंडळी बघायला येणार, तारीख कळवणार, असं काकू आईजवळ हळू आवाजात बोलल्या. हळू आवाजात म्हणजे मला ऐकू जाईल अशा. शेवटी काकू म्हणाल्या, "मला बाई तो घाणेवाला पटत नाही. पोरगी पलीकडच्या गावाला जाणार. मास्तर कसा, कुंपणापलीकडेच आहे." आई म्हणाली, "मलाही मास्तरच बरा वाटतो. गरीब आहे, पण घरातला आहे." दोघी माझ्याकडे न बघता एकमेकींकडे बघून हसल्या. मी चीनचा नकाशा आठवण्याचा प्रयत्न करत होतो.

काकांपुढे अपील गेलं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला. मास्तरने परीक्षा जरूर द्यावी. पण निकाल लागेपर्यंत काहीतरी कामधंदा करावा. नुसतं 'करतो' चालणार नाही.

तेव्हा मी मास्तरला बाजाराच्या वेशीपाशी टेबल टाकून बसवला. लोकांचे अर्ज लिहून द्यायला. काका खूश झाले. "अर्जनवीस! उत्तम. चार लोकांशी संबंध येतो." मग म्हणाले, "सकाळी किती वाजता उघडतो टेबल? कोणते अर्ज जास्त येतात? दुपारी जेवायला घरी जातो का?" मला काही सांगता येईना. टेबलावर बसल्याशिवाय टेबलाचं काय सांगणार? म्हणून मी द्वारकेच्या एका टॅक्सवाल्यांकडे रिटर्न भरायच्या कामाला लागलो. केवळ माहितीसाठी. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मला ते जमतं. हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईने ते संध्याकाळपर्यंत समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवलं. मास्तरचं टेबल त्यानंतर असं काही खरं वाटायला लागलं की काका एकदा म्हणाले, "या मास्तरला आमच्या काळी घेतला असता मी हाताखाली."

म्हटलं, आता संपवावं. एका संध्याकाळी मी लीला आणि मास्तर यांना नदीकाठी उभं केलं. मास्तर अखेर बोलला. तो म्हणाला, तुझं लोणचं चांगलं होतं. तिकडे एवढं पुरतं. आणि मग त्यांचं लग्न झालं, असं म्हणून मी पाण्याचा ग्लास उचलला.

"झालं म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे झालं."

"असं कसं झालं? बैठक नाही, सुपारी नाही?" काकू संतापल्या. "मुलगी काय रस्त्यावर पडलीये?"

बयाआजींनी आधी आडनावांचा खुलासा मागितला. एका आडनावात चिनी लोकही लग्न करत नाहीत, हे मी कादंबरीत वाचलेलं सांगितलं, तेव्हा आजींना चीनबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मग सर्वानुमते ठरलं की बैठक इथेच, याच हॉलमध्ये व्हावी. लीलाला वडील नाहीत, म्हणून मुलीकडून रंगनाथकाका. मास्तरकडे फक्त म्हातारी आई, ती अंथरुणाला खिळलेली, म्हणून मुलाकडून आमची आई, दिवाणावरूनच. मध्यस्थ खंडेरावमामा.

मी बऱ्याच बैठका पाहिल्यात, अशी पाहिली नाही. एरवी भाजीवाल्याशी घासाघीस न करणारी माझी आई मेणबत्तीच्या उजेडात ताठ बसली आणि म्हणाली, "आम्हाला काही नको. फक्त लग्न तुमच्या दारात, आणि आमची माणसं जेवून जातील."

"किती माणसं?" काका.

"मोजून कोण आणतं का भाऊजी माणसं?"

"वहिनी, कांद्याचे भाव पडलेत. मुलीकडची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर मानपान मागत नाही. बस्ता अर्धा आम्ही करू. पण मुलगी लग्नानंतर काम सोडणार नाही हे आत्ताच सांगते. आमच्या घरात पोरीला चूल एके चूल नको."

"क्लास सुटायला कधी उशीर झाला तर?" काका म्हणाले.

"मी आहे ना घरी. दारं काय, समोरासमोर."

लोणच्याच्या धंद्याला क्लास नसतो, हे माझ्या लक्षात आलं. बाकी कुणाच्या आलं की नाही, अंधारात दिसलं नाही. तृप्ती दारात उभी होती. तिने चपला काढल्या आणि आत येऊन बसली.

काकांनी मान हलवली. "ठीक. मान्य." मामांनी खिशातून सुपारी काढली. मामांच्या खिशात सुपारी नेहमीच असते, ती खाण्यासाठी. काकूंनी आतून बत्ता आणला, पाटावर कुंकू आलं, सुपारी मध्ये ठेवली. आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की पाच लोकांसमोर सोयरीक झाली. मग ती मोडणं म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. मामांनी बत्ता उचलला, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"थांबा. आधी नावं घ्या मुलामुलीची. लीला, मास्तर असं मोघम नको. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दप्तरी असतं तसं."

मामा थांबले. माझ्याकडे बघितलं. मी त्यांना मूळ चिनी नावं सांगितली. त्यांनी ओठ हलवून पाहिले. पुन्हा सांगितली. मामांनी बत्ता खाली ठेवला, कपाळ पुसलं, परत उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"चिरंजीव धनराज, जयराम बोरस्ते यांचा मुलगा. आणि चि. सौ. कां. तृप्ती, रंगनाथ गायधनी यांची मुलगी."

आणि बत्ता घातला. सुपारीचे दोन तुकडे झाले, एक काकांच्या पायापाशी गेला.

काका म्हणाले, "खंडेराव, हे काय केलंत?"

"भाऊसाहेब, चिनी नावं माझ्या तोंडात बसत न्हाईत," मामा म्हणाले. "जी बसत्यात ती घेतली. तुम्हीच म्हनले, दप्तरी पायजे."

काकांनी वाकून तो तुकडा उचलला. उलटसुलट करून पाहिला. चाळीस वर्षं लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाने तपासावा तसा. मुलाकडची मागणी त्यांनीच ऐकली होती, अटी त्यांनीच मान्य केल्या होत्या, नावं त्यांनीच घ्यायला लावली होती. हरकत घ्यायला जागा ठेवली नव्हती. तरी त्यांनी एक जागा शोधली.

"तृप्ते, तुझं काय म्हणणं?"

लीलापासून आजपर्यंत या हॉलमध्ये हा प्रश्न कुणी मुलीला विचारला नव्हता. मी पाटावरच्या कुंकवाकडे बघत होतो. तृप्तीने घाई केली नाही.

"मला चालेल," ती म्हणाली. "पण यापुढे गोष्ट मी सांगणार. याला लग्नापुढचं काही माहीत नाही."

काकूंनी साखर आणायला आत धाव घेतली आणि पाटाला ठेचकाळल्या. आई तेवढ्यात उठून उभी राहायला निघाली होती, तिला बयाआजींनी काठीने खाली बसवलं. काकांनी सुपारीचा तुकडा खिशात टाकला. "पिंपळगावला मी कळवतो," ते म्हणाले.

"काय कळवणार?" काकूंनी विचारलं.

"चीनमध्ये जमलं म्हणून," काका म्हणाले, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसले.

वडील सेकंड शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. आईने सांगितलं, लग्न ठरलं. "कुणाचं?" वडिलांनी विचारलं, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी मुहूर्त, कार्यालय, पत्रिका यावर चर्चा होईल. लाईट गेली, माणसं जमली, आणि आमच्या लग्नाचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. सगळ्यांना लीलाचं पुढे काय झालं ते हवं होतं. माझ्या रोजच्या जागेवर तृप्ती बसली. मी दाराशी, ऐकणाऱ्यांत. तिथून हॉल वेगळाच दिसतो. सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि बोलणारीचा चेहरा.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी," तृप्तीने सुरुवात केली, "घरी खूप माणसं आली. सगळ्यांचा चहा झाला. मग लीला मास्तरला म्हणाली, मी बोलत बसलेय, तेवढे कप विसळून टाका."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठलो आणि कप गोळा करायला लागलो. बयाआजींचा कप घेताना त्या म्हणाल्या, "आधी जेवला का रे तू?"